तेवढं वाक्य

"पुन्हा गाळलंस," सुंदरराव म्हणाले. "सूनबाईनं ठोकलं बघ."

मुक्ता दुधाच्या उलट्या कॅनवर बसली होती. हातातल्या चमच्यानं तिनं शेजारच्या कॅनवर टकटक केली होती. तिच्या नवऱ्यानं, पंडितनं, कपाळावरचा घाम पुसला आणि कागद मागं उलटला.

तालीम दूध सोसायटीच्या खोलीत चालली होती. दुष्काळानं गावातली जनावरं चारा छावणीत गेली, तेव्हापासून सोसायटीत दूध म्हणाल तर नावाला. सुंदरराव सोसायटीचे सेक्रेटरी. दिवसभर माश्या मारत बसण्यापेक्षा शोधनिबंध ऐकलेला काय वाईट, म्हणून त्यांनीच दोघांना बोलावलं होतं. आता त्यांनाही तो निम्मा पाठ झाला होता.

औरंगाबादला परिषद होती. एम.ए. केलेली मुलंमुली तिथं आपापलं संशोधन मांडणार होती. आष्टीच्या कॉलेजातल्या मॅडमनी निरोप धाडला होता की, निबंध नीट वाचला गेला तर नियतकालिकात छापून येईल. छापून आला की पुढं पीएच.डी.ची वाट मोकळी. नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा उसाचा फड ठरलेला. नवरा-बायको दोघांचा जीव त्या कागदांत अडकला होता, दुसरं काय!

निबंध ऊसतोडीवरच होता. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम एक कोयता म्हणतो. राबायचं दोघांनी, नाव लागायचं एकट्या नवऱ्याचं. बाई किती तोडते, किती मोळ्या डोक्यावर वाहते, याची कुणी दखलच घेत नाही. पंडित आणि मुक्तानंही असे हंगाम काढले होते, त्यामुळं त्यातलं अक्षर न अक्षर ओळखीचं होतं.

"पण हे वाक्य कशापायी पाहिजे म्हणतो मी?" पंडित कुरकुरला. "मोठाली माणसं बसलेली असणार. हसतील की मला!"

टकटक.

"वाच बाबा," सुंदरराव म्हणाले. "ती काय सोडायची न्हाई तुला."

पंडितनं घसा खाकरला. "'एका फडावर बाई नुकतीच बाळंत झाली होती. नवऱ्यानं तिला पाचटाच्या कोपीत निजवलं, आणि तिच्या वाटणीचा ऊस स्वतः तोडला. मुकादमाला कळू दिलं न्हाई.'"

"न्हाई न्हवं, नाही!" सुंदररावांनी टोकलं. "शहरात वाचायचंय."

"नाही," पंडित म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मुक्ता गालातल्या गालात हसत होती.

"आन् मधी घोटभर पाणी पीत जा," सुंदरराव म्हणाले. " ऐन वेळी घसा बसला तर सगळं पाण्यात जाईल."

मुक्ताचा हात गळ्याभोवतीच्या रुमालाकडं गेला. एवढ्या उन्हाळ्यातही तिनं तो घट्ट गुंडाळला होता. मग उठून तिनं माठातून तांब्या भरला आणि पंडितच्या पुढं धरला. सुंदरराव उगीच खिडकीबाहेर टँकरची वाट बघू लागले.

"हयगय करू नको रे," ते बाहेर बघतच म्हणाले. "लई कष्टाचं काम हाय ते."

"मला काय ठावं न्हाई व्हय, काका?"

एसटीतही पंडितचं पुटपुटणं थांबेना. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "काय पाव्हणं, कोर्टात साक्ष हाय का?" मुक्ता पदर तोंडाला लावून हसली. खांदे नुसते गदगदा हलत होते. पंडितला मात्र हसू सुचत नव्हतं.

परिषदेचे अध्यक्ष जाड चष्म्याचे, घाईतले प्राध्यापक होते. आधीच्यांनी वेळ खाल्ल्यामुळं ते वैतागले होते.

"पुढचा निबंध, सानप. प्रस्तावना नको, आभार नकोत. थेट वाचायला लागा."

पंडित उठला. मुक्ता पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

सुरुवातीला तो अडखळत वाचत होता. मग कोयत्याची जोडी आली, मोळ्या आल्या, थंडीतल्या पहाटा आल्या, आणि आवाज लागला. सभागृहातली कुजबुज थांबली. आता ते वाक्य आलं, आणि गडी थांबला. कागदावरून नजर उचलून त्यानं पहिल्या रांगेकडं बघितलं.

मुक्तानं पिशवीत हात घातला. खुर्चीच्या दांडीवर चमचा वाजला. टकटक.

चमचा घरून आणला होता बाईनं!

पंडितनं श्वास घेतला आणि वाक्य वाचलं. सगळं वाचलं, 'नाही'सुद्धा नीट म्हटलं. कुणी हसलं नाही. मागं एका बाईनं डोळे टिपले. निबंध संपला तशा टाळ्या सुरू झाल्या, आणि बराच वेळ चालल्या.

चहाच्या सुट्टीत अध्यक्ष स्वतः त्यांच्याकडं आले. वैताग कुठल्या कुठं गेला होता.

"सानप, मन भरून आलं हो. नियतकालिकासाठी मी हाच निबंध निवडतोय," त्यांनी पेन उघडलं. "तुमचं पूर्ण नाव सांगा, म्हणजे तसंच छापू."

पंडितनं मुक्ताकडं बघितलं. मग तो खुदकन हसला.

"सर, तुमी बी मुकादमासारखंच केलं की!"

"म्हणजे?"

पंडितनं मुक्ताचा हात धरून तिला पुढं आणलं. "लिवा, मुक्ता पंडित सानप. निबंध हिचा हाय. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला हिचा. ही बाळंत झाली तवा फडावर हिच्या वाटणीचा ऊस तोडलता सर, आज हिच्या वाटणीचं बोललो."