भिंतीवरचं मराठी

“थांब थांब, ही बघ तुझी भिंत!” सुप्रभाताईंनी रिमोट दाबला आणि टीव्हीवरची कैदी बाई रडता रडता तोंड उघडं ठेवून थिजली.

“येस, हा भिंत मीच केला,” उर्वी म्हणाली.

“हा नाही गं, ही. ही भिंत, मी केली.”

“राहू दे की तिला,” खुर्चीत संत्रं सोलत बसलेले शशिधर म्हणाले.

लेकीचं मराठी सुधारायला त्यांचा कायमचा विरोध. ती त्यांचं ऐकूनच तर बोलायला शिकली होती. ते हॉस्पिटलला निघताना दारातून ‘येतो गं’ म्हणत, म्हणून तीही शाळेत जाताना ‘आई, मी येतो’ म्हणायची. आता तिशी उलटली तरी तेच. सुप्रभाताई कपाळावर हात मारून घेत आणि शशिधर दर वेळी पोट धरून हसत.

लंडनच्या पिनर उपनगरातल्या त्या घरात रविवारची जेवणं नुकतीच आटोपली होती. बायकांच्या तुरुंगावरची ती मालिका केव्हाच संपली होती, पण सुप्रभाताई ती पुन्हा पुन्हा लावत. मालिकेतला तुरुंग मँचेस्टरच्या एका गोदामात उभा केला होता आणि त्याच्या भिंती कळकट करायचं काम उर्वीचं. पोपडे, ओल, तेलकट हातांचे डाग. ती भिंती अशा काही मळवायची, की सुप्रभाताईंना फडकं घेऊन उठावंसं वाटे. महाराष्ट्र मंडळात भेटेल त्याला गाठून त्या सांगत, “आमच्या उर्वीचं जेल पाहिलंत का?”

मालिका बंद पडली तरी गोदामातला तुरुंग उभाच राहिला, आणि मग तो चोरून बघायच्या तसल्या सिनेमावाल्यांनी भाड्याने घेतला. त्यांना हुबेहूब ती मालिकाच हवी होती. तेच लोखंडी पलंग, तेच गज, राखाडी कपड्यांतल्या तशाच बायका. फक्त रडणं नको होतं. भिंतींना पुन्हा हात मारायला उर्वीलाच बोलावणं आलं. हातात दुसरं काम नव्हतं, ती गेली. घरी मात्र तिने नाटकाचा सेट आहे म्हणून सांगितलं. खरं कळलं तर आईला मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि बाबांना काय वाटेल, हा विचार तर ती मनात येऊच देत नसे.

तिथल्या डिरेक्टरला भिंतीवर परक्या भाषेत काहीतरी खरडलेलं हवं होतं. उर्वीने खिळा घेतला आणि मराठीत न बघता लिहिता येणारं तिचं एकुलतं एक वाक्य कोरलं. हे बघणाऱ्यांना ते वाचता येणार नाही, आणि वाचता येणारे हे बघणार नाहीत, असा तिचा साधा हिशेब होता.

“एवढी मोठी भिंत,” सुप्रभाताई म्हणाल्या. “कोपऱ्यात दोन शब्द मराठीत टाकायचेस की गं. मी सगळ्यांना दाखवलं असतं.”

“लिहिलंय की तिने,” शशिधर म्हणाले. संत्र्याच्या शिरा काढण्यात त्यांचं सगळं लक्ष होतं. “पलंगाच्या वर. पण ‘आई, मी येतो’ काय, उर्वी? बायकांचा तुरुंग ना तो? ‘येते’ हवं तिथे.”

“कुठाय?” सुप्रभाताई टीव्हीजवळ गेल्या. चष्मा वर केला, खाली केला. “पलंग हा इथे. वर तर काहीच नाही!”

शशिधरांनी मान वर केली. पलंगाच्या वरची भिंत कोरी होती. मग त्यांनी उर्वीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एका क्षणात दोघांना एकमेकांचं सगळं कळलं, आणि दोघांच्या माना बरोबरच खाली गेल्या. उर्वीला आधी स्वतःची लाज वाटली. मग बाबांची वाटली, आणि ती जास्त बोचली.

“वेगळा एपिसोड असेल, आई,” ती कसंबसं म्हणाली. “बाबा राइट आहेत. मी विसरलो.”

“बघ! यांना दिसलं आणि मला मेलीला दिसलं नाही!” सुप्रभाताईंना कोण आनंद झाला. “आता पहिल्यापासूनच लावते.”

शशिधरांनी संत्रं तसंच बशीत टाकलं आणि ते हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ चालू राहिला.

उर्वीने कोट चढवला. ट्रेनला अजून पुष्कळ अवकाश होता, पण तिला तिथे बसवेना. शशिधर दार लावायला आले, हातात टॉवेल घेऊन. हात कधीच कोरडे झाले होते, तरी ते पुसतच होते.

“येते, बाबा,” ती म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिचं बरोबर आलं होतं. ते हसतील म्हणून ती पायरीवर जराशी रेंगाळली. ते तिच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

आत मालिकेचं सुरुवातीचं संगीत वाजू लागलं.

“अहो,” सुप्रभाताईंनी हाक मारली, “दार लावून आत या बरं. कुठे पाहिलंत ते, दाखवा मला.”