बोरन्हाणाची ऑर्डर

"तिच्या साइटवर तीनच बटणं आहेत, मावशी," सौमित्र लॅपटॉप वळवून म्हणाला. "बाळासाठी, सुनेसाठी, जावयासाठी. दाबलं की ऑर्डर."

"दिसतंय मला. दुष्काळ पडल्यासारखी दिसतेय," नलिनीताई म्हणाल्या.

ती म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, यशश्री. दोघी बडोद्यातच, दोघीही संक्रांतीचे हलव्याचे दागिने करायच्या. पण गेल्या वर्षी यशश्रीनं साइट काढली आणि सुरतेपासून अहमदाबादपर्यंतची मराठी बाळं तिचेच मुकुट घालून बोरन्हाणाला बसली. नलिनीताईंकडे उरली ती दांडिया बाजारातली ओळखीची चार घरं. तेव्हापासून जावेचं नाव निघालं की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हलवा ओवायला शिकवलं कुणी तिला? यांनीच ना! म्हणून तर अलकापुरीतून सौमित्रलाच बोलावलं होतं. तिची साइट ज्यानं केली, तोच हवा.

"आता माझी लिही," त्या म्हणाल्या. "बाळाचं नाव. आईचं माहेरचं नाव. दागिने माहेरून चाललेत की सासरहून. मागच्या वेळी कुणाकडून घेतले होते, आणि त्यांना का सोडलं."

"मावशी, माणूस दागिने घ्यायला आलाय. स्थळ बघायला नाही."

"कळू दे ना, किती जणी तिला सोडून येतात ते!"

"चालशे," म्हणत सौमित्रनं तेही लिहिलं. गिऱ्हाईक शेवटच्या बटणापर्यंत पोचेल का, हे विचारायचं त्यानं टाळलं.

पहिल्या पानावर फोटोची जागा मोकळी होती. तिथं नातू बसणार, हे बाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं. करजणला दिलेल्या लेकीचा, अवनीचा शुभंकर. त्याची पहिलीच संक्रांत. दिवाणावर त्याचा साज मांडून ठेवला होता: मुकुट, हार, बाजूबंद, इवलीशी बासरी. काटा चांगला आलेला हलव्याचा एकेक दाणा निवडून ओवलेला. फक्त अवनीनं तो अजून मागितला नव्हता, आणि न मागता द्यायला नलिनीताई काही रस्त्यावर बसल्या नव्हत्या. पोरीनं तोंडानं मागावं, 'आई, तुझ्याच हातचे हवेत' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. आणि खरं सांगायचं तर, ते यशश्रीच्या कानावर जावं, हीसुद्धा.

"एकदा कुणाकडून तरी भरून बघू," सौमित्र म्हणाला. "माणूस कुठं अडतो ते कळेल."

"अवनीलाच लावते."

त्यांनी लिंक पाठवली, फोन लावला आणि सौमित्रलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"अवनी, माझी साइट पाठवलीय बघ. शुभंकरसाठी दागिने मागव. खरीच ऑर्डर कर हं, लटकी नको."

पलीकडे बाळाचं हुंकारणं ऐकू आलं.

"अगं, उघडली का?"

"उघडली. आई... मी मागवलेत दागिने. कालच आले."

"कुठून?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"यशश्रीकाकूकडून."

सौमित्रनं लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. नलिनीताईंचे कान तापले. परक्या पोरासमोर हे!

"सख्खी आई दागिने करते आणि तू तिच्या दारात गेलीस? लाज नाही वाटली? काय कमी आहे माझ्या हाताला?"

"दारात नाही गेले आई. दुपारी हा झोपला होता, बटण दाबलं. बाळ किती महिन्यांचं आणि पत्ता काय, एवढंच विचारलं. झालं. तुझ्याकडे मागायचं, तर आधी दिवाळीला का आले नाही ते सांगावं लागलं असतं. मग सासूबाईंनी काय दिलं, ते. मग काकूशी बोलते का, ते. किती वेळा फोन हातात घेतला मी. खरंच."

गिऱ्हाइकं गेली तेव्हाही नलिनीताईंना जावेचा इतका हेवा वाटला नव्हता. आपल्या पोटच्या पोरीला तिच्याकडे मागणं सोपं गेलं, याची आग त्यांच्या छातीत पेटली आणि ती कुणावर काढावी ते कळेना.

"रविवारी आहे बोरन्हाण," अवनी घाईघाईनं म्हणाली. "येशील ना?"

"ती येणारेय?"

"हो."

"तिला कधी बोलावलंस?"

"ऑर्डर मिळाल्यावर तिनंच फोन केला होता, बाळ कसं आहे विचारायला. तेव्हाच."

"आणि मला आज."

"आज पण तूच फोन केलास, आई."

नलिनीताईंच्या जिभेवर पुढचं वाक्य अगदी तयार होतं. चांगलं धार लावलेलं. त्यांनी ते गिळलं. सहजासहजी उतरलं नाही.

"येते," त्या म्हणाल्या.

"बरं," अवनी म्हणाली.

फोन मात्र चालूच होता. अवनीनं तो ठेवला नाही, नलिनीताईंनीही नाही.