मास्तरांची टाळी

मास्तरांचा उजवा गुडघा काही केल्या थांबेना. तीन वेळा त्यांनी तो हाताने दाबून धरला आणि तिन्ही वेळा हात काढताच गुडघा पुन्हा सुरू झाला. शेजारच्या क्लबवाल्याने शेवटी आपली खुर्ची वीतभर लांब सरकवली.

"मास्तर, टेबल हलतंय."

"हलू दे. सातवा विषय कधी येणार?"

"आत्ता कुठे तिसरा चाललाय."

जलतरण संघटनेची वार्षिक सभा तलावाच्या वरच्या हॉलमध्ये भरली होती. खालून क्लोरीनचा वास आणि शिट्ट्यांचे आवाज येत होते. मास्तरांच्या खिशात एक कागद होता. सकाळपासून तो इतक्या वेळा उघडला-मिटला होता की घडीवर फाटायला आला होता. त्यावर एकच वाक्य होतं: वैद्यकीय कारण असल्यास पोशाखाच्या नियमातून सूट मिळावी.

सातवा विषय पोशाखाचाच होता. लांब पोशाखाने वेग वाढतो, म्हणून यापुढे मुलींचा पोशाख गुडघ्याखाली येता कामा नये. आज मंजूर झाला की रविवारच्या निवड चाचणीपासून लागू. नियम तसा वाईट नव्हता, एरवी मास्तरांनाही पटला असता. पण त्यांच्या भाचीचा, टिल्लीचा, डावा पाय लहानपणी उकळत्या पाण्याने गुडघ्यापासून टाचेपर्यंत भाजला होता. ती घोट्यापर्यंतचा पोशाख घालायची. तो तिच्या आईने घरच्या मशीनवर शिवला होता. वेग कसला वाढवतोय, उलट पाणीच धरायचा. तरी टिल्लीला कुणी गाठू शकत नसे. आणि तो पोशाख नसेल तर ती पाण्यात उतरतच नसे.

"पाय उघडा टाकून नाही पोहणार मी, मामा," तिने काल सांगितलं होतं. रडली असती तर मास्तरांनी समजूत काढली असती. ती रडली नव्हती.

आता ती बाहेर जिन्यात बसली होती. घरी थांब म्हटलं तर ऐकेल ती टिल्ली कसली!

संघटनेत बारा क्लब होते, प्रत्येकाला एक मत. मास्तरांनी उरलेल्या अकराही जणांना फोन केले होते आणि सात जण सूट द्यायला हो म्हणाले होते. घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच. हात वर करून मतं मोजायची पद्धत इथे नियमावलीत होती, सभेत नव्हती. सभेत अध्यक्ष विषय सांगत, मंडळी टाळ्या वाजवत आणि विषय मंजूर होई. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कुणीतरी उठून "मोजणी घ्या" एवढं म्हणायचं होतं, म्हणजे अध्यक्षांना ती घ्यावीच लागली असती. पण कुणी म्हणत नसे. आज मास्तर म्हणणार होते.

चौथ्या विषयाला टाळ्या झाल्या, पाचव्याला झाल्या, सहाव्यालाही झाल्या. मास्तरांनी मुद्दाम दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"विषय सातवा. पोशाखाचा नियम. ठराव तुमच्यासमोर आहेच."

मास्तर ताडकन उठले. खुर्ची मागे पडली.

अध्यक्ष तोंडभर हसले. "बरे उठलात, मास्तर! मंडळी, पोहण्याचा विषय निघावा आणि या माणसाचं नाव घेऊ नये, तर आपल्यासारखे करंटे आपणच. तीस वर्षं हा माणूस या तलावाच्या काठावर उभा आहे. ताप असो, घरात कार्य असो, पहाटे पाचला हजर! इथल्या निम्म्या लोकांची पोरं यांनी तारली. माझंसुद्धा!"

हॉल टाळ्यांनी भरून गेला. माणसं उठून उभी राहिली. मास्तरांना तीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचे कान गरम झाले. बघता बघता मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले, आणि आता करावं तरी काय, हे न सुचून स्वतःही टाळ्या वाजवू लागले.

मास्तरांची टाळी साधी नव्हती. तळवे खोलगट करून ते अशी वाजवत की पाण्याखालच्या पोरालाही ऐकू जाई. शेवटच्या फेरीला ती वाजली की पोरं जिवाच्या आकांताने हात मारत.

"टाळ्यांच्या गजरात सातवा विषय मंजूर," अध्यक्ष म्हणाले. "विषय आठवा."

"थांबा! मला मोजणी हवी होती. हा कागद..."

"अहो मास्तर, तुम्ही तर उभं राहून टाळ्या वाजवल्यात!"

सगळे हसले. प्रेमाने हसले, म्हणून तर मास्तरांना रागावताही येईना.

"लिहून द्या," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या वर्षी घेऊ."

मास्तरांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. तो आठव्या विषयाचं पान शोधत होता. फोनवर हो म्हणालेले सातही जण तेच पान शोधत होते. कुणीतरी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली, पण मास्तर बसले नाहीत. कागद मुठीत चुरगळून ते दाराबाहेर आले.

पोशाखाची पिशवी छातीशी धरून टिल्ली दोन-दोन पायऱ्या चढत वर धावत आली.

"मामा, मिळाली ना आपल्याला सूट? खाली जिन्यात ऐकू आल्या, केवढ्या टाळ्या!" तिला धाप लागली होती. "आणि तुझी तर मी लगेच ओळखली. सगळ्यात मोठी तुझीच होती."