कोपऱ्यातले सेकंद

रानडुकरांपायी पंजाबरावांनी शेतात बुजगावणं उभारून त्याला आपला चौकड्याचा सदरा चढवला, तरी भागेना तेव्हा कॅमेरा लावला. आज मोबाइलवर चित्र दिसेना, म्हणून किन्हीराजा गावात नेटकॅफेवाल्या हरीओमकडे आले. त्यानं कॉम्प्युटरवर कॅशे साफ केली, ब्राउझर बदलला. पडदा काळाच. "काहून दिसत नाई रे?" "काका, व्हिडिओ चालूच हाय. कोपऱ्यातले सेकंद पळून राह्यले. कॅमेऱ्यासमोरच काहीतरी आलं हाय." हरीओमनं आवाज वाढवला. शेतातल्या विहिरीवर बादली आपटली, बांगड्या वाजल्या; पंजाबरावांची बायको आज शेतात एकटीच होती. मग काळोख हलला आणि बाजूला सरकला. ती चौकड्याची बाही होती. बुजगावण्याच्या जागी नुसते बांबू उभे होते. सदरा घातलेला माणूस पाठमोरा विहिरीकडे चालला होता. पंजाबराव इकडून ओरडले. तिकडे वाकून पाणी शेंदणाऱ्या बायकोनं पावलांची चाहूल लागताच मागं न पाहता म्हटलं, "आले का वो? दोर धरा जरा."