हातातली टोपी

हवाई दलाच्या आमच्या वसाहतीत विमान पडलं की बातमी फोनवर येत नाही. कमांडर स्वतः चालत येतात, दाराशी टोपी काढून हातात धरतात आणि बेल वाजवतात. आम्ही बायका पाठीमागे त्यांना यमदूत म्हणतो. "आपल्या नवऱ्यांना कसल्याही हवेत उडवतो मेला," शेजारीण नेहमी म्हणते, "स्वतःच्या लेकाला मात्र आभाळ निरभ्र असेल तरच सोडतो."

आज दाट धुकं असूनही विमानं उडाली. मग तळावरचा अपघाताचा भोंगा वाजला आणि थोड्या वेळाने कमांडर कोपऱ्यावर दिसले. शेजारणीचं नि माझं एरवी गूळपीठ, पण पडद्याआड उभी राहून मी देवाला चक्क म्हटलं, "तिच्याकडे जाऊ दे." तिच्या खिडकीतला पडदाही हलत होता. तीही माझ्यासाठी तेच मागत असणार.

ते माझ्या फाटकावरून पुढे गेले, तिच्याही. "सुटले बाई," म्हणत मी त्यांच्या पाठीला आणखी एक शिवी हासडली.



गल्लीच्या टोकाला कमांडरांनी टोपी काढली आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली.