सातशेतीनचा धूर

"प्योभाऊ, वर या आधी! सातशेतीननं पुन्हा पेटवली!"

इमारतीच्या चौकीतला फोन कानापासून हातभर लांब धरूनच रखवालदार प्योने योमकाकूंचं ऐकून घेतलं. कॉफीवर झाकण ठेवून तो लिफ्टकडे निघाला. आठवड्यातून एकदा तरी ही वरात ठरलेलीच होती.

दक्षिण कोरियातल्या बुचॉनमधली ही इमारत जुनी. एकावर एक असलेल्या न्हाणीघरांना हवा जायला एकच उभी पोकळी, त्यामुळे खालच्याने सिगारेट पेटवली की धूर वरच्याच्या घरात. सातशेतीनमध्ये मेंगकाका एकटेच राहायचे. त्यांच्या बरोबर डोक्यावर, आठशेतीनमध्ये, योमकाकू. त्याही एकट्याच. रोज सकाळी काका पेटवणार आणि काकू न्हाणीघरातल्या जाळीला तोंड लावून ओरडणार.

प्यो सातव्या मजल्यावर पोचला तेव्हा तेच चाललं होतं.

"अहो सातशेतीन! फुप्फुसं जाळायची तर स्वतःची जाळा! माझी कशाला?"

मेंगकाका न्हाणीघराच्या दारात उभे होते. सिगारेट आत साबणाच्या बशीत धुमसत होती. काकांनी प्लास्टिकच्या मगाने वरच्या घरात जाणाऱ्या पाइपवर दोनदा ठोकलं.

"ऐकलं, ऐकलं! बहिरा नाही झालो अजून!"

वरचा आवाज बंद झाला. काका ठोकेपर्यंत काकूंच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, हे प्योला पाठ होतं.

"काका, साडेचार हजार वॉन मोजून शिव्या विकत कशाला घेता?" तो म्हणाला. "आणि आता आठ हजार करणार म्हणतात."

"करू देत. मला एक पाकीट पुष्कळ दिवस पुरतं."

प्यो स्वतः ओढणारा. सरकारने पाकिटांवर सडक्या दातांची चित्रं छापल्यापासून तो दुकानात चित्र बघून पाकीट बदलून घ्यायचा. मेंगकाका चित्राकडे ढुंकूनही बघत नसत. "सगळ्यात जास्त वास मारणारी द्या," एवढंच सांगत. सगळं जग बिनवासाच्या बारीक सिगारेटी मागत असताना यांची आवड ही अशी! दुकानातली मुलगीसुद्धा तोंड फिरवून हसायची.

योमकाकूही काही कमी नव्हत्या. इमारत धूम्रपानमुक्त करायची तर निम्म्या घरांच्या सह्या लागतात. काकूंनी त्या सगळे मजले पालथे घालून जमवल्या. पहिली सही मेंगकाकांची होती.

"काका, तुम्ही?" प्योने विचारलं.

"कायदा चांगलाय. पोरंबाळं राहतात इथं. शिवाय तो जिना, लिफ्ट आणि तळघरापुरता. माझ्या न्हाणीघरात कुठं शिरतोय?"

हे कानावर गेल्यावर काकूंनी त्यांना कोडगा म्हटलं. त्याच दुपारी त्यांच्या तव्यावरचा बांगडा करपून कोळसा झाला. अख्ख्या मजल्यावर वास सुटला. प्योने धावत जाऊन दार बडवलं, तर काकू शेजारच्या खोलीत निवांत टीव्ही बघत बसलेल्या. दुसऱ्याच्या धुरासाठी नाक एवढं तिखट आणि घरात मासा जळतोय त्याचा पत्ता नाही, हा किस्सा प्योने पुढे कितीतरी दिवस चवीने सांगितला.

आदल्या वर्षी पलीकडच्या इमारतीत एकटे राहणारे एक गृहस्थ गेले, ते कुणाला लवकर कळलंच नाही. दाराशी वास यायला लागला तेव्हा कळलं. तेव्हापासून एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची दारं ठोठावून यायचं काम प्योच्या गळ्यात पडलं होतं. मनातून त्याला रोज भीती वाटायची, की आज कुठलं दार उघडणार नाही. सातशेतीन आणि आठशेतीनला मात्र तो जात नसे. त्यांचं भांडण इमारतभर ऐकू यायचं.

कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी चौकीतला फोन वाजला. मेंगकाका होते.

"प्योभाऊ, आठशेतीन ओरडली नाही."

"मग जिंकलात की! आता ओढा निवांत."

"दुसरीपण पेटवली. तरी नाही. तुम्ही लगेच वर या."

प्यो पोचला तेव्हा काका आठव्या मजल्यावर अनवाणी उभे राहून दार बडवत होते. आतून उत्तर येईना. शेवटी अग्निशमनवाल्यांनी दार तोडलं. योमकाकू न्हाणीघराच्या फरशीवर पडलेल्या होत्या. खुबा मोडलेला, ओठ निळे पडलेले. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

कुंपणावरची पिवळी फुलं उमलली तेव्हा काकू चाकांचा आधार ढकलत परत आल्या. घरी न जाता त्या आधी सातव्या मजल्यावर उतरल्या. मागे प्यो. त्याच्या हातात सिगारेटींचा अख्खा खोका होता, सगळ्यात जास्त वास मारणाऱ्या.

"सह्या गोळा करणारी मी, दुकानात हे मागताना लाजेनं मेले," काकू म्हणाल्या. त्या कमरेत वाकायला गेल्या, पण ते जमेना, म्हणून नुसती मान खूप खाली घातली. "मेंगसाहेब, तुमच्या या घाणेरड्या सवयीमुळं मी आज जिवंत आहे. तुमचे उपकार कसे फेडू?" "ओढा. पोटभर ओढा. मी ओरडेन, ते मनावर घेऊ नका. फक्त पाइपवर ठोकायचं विसरू नका."

मेंगकाकांचे डोळे ओलावले होते. पण त्यांनी खोका घेतला नाही.

"मी ओढतच नाही हो," ते ओशाळून म्हणाले. "हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हाच सोडली. सहा वर्षं झाली."

"मग ती बशीतली?" प्योने विचारलं.

"सोडली आणि वरून ओरडणं बंद झालं. या बऱ्या आहेत की नाही, काही कळेना. म्हणून रोज एक पेटवून नुसती ठेवायला लागलो. चांगली वास मारणारी, म्हणजे नक्की वर पोचेल. या ओरडल्या की माझा जीव भांड्यात पडायचा, मग विझवून टाकायचो."

पदराचा रुमाल करावा तशी स्वेटरची बाही डोळ्यांना लावून योमकाकू हसू लागल्या.

"अहो सातशेतीन," त्या म्हणाल्या, "त्या मोठ्या साथीत मला ताप आला होता ना, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. मी ओरडायची ती तुमची ठकठक ऐकायला."