कुंकवाची रेघ

होसकोटे रस्त्यावरच्या नव्या वस्तीत गटार नव्हतं, म्हणून कृष्णमूर्तींनी संडासाची टाकी बांधली. ती गळत नाही हे दाखवल्याशिवाय परवाना नव्हता, आणि शुक्रवारी वास्तुशांत! काल इन्स्पेक्टरसाहेबांसमोर कोरी टाकी टँकरने भरली; पत्नी रत्नाबाईंनी पाण्यालगत कुंकवाची रेघ ओढली. आज कॉफी संपवत साहेब वाकले. पाणी दोन बोटं खाली! साहेब ‘नापास’ लिहायला लागले, तशा रत्नाबाई पुढे झाल्या. “थांबा अण्णा! इथे नळ नाही. सहा घागरी मीच काढल्या.” “सरी, ठीक आहे, परत ओता,” साहेब म्हणाले. स्वयंपाकघरातून घागरी आल्या. पाणी चढत चढत रेघेखाली केसभर थांबलं. “उरलेलं कुठाय?” रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. “तुमच्या पोटात, अण्णा.” साहेबांनी रिकाम्या पेल्यात पाहिलं, खदखदून हसत सही ठोकली, आणि दुसऱ्या कॉफीला मात्र हात जोडले.